गादी सगळ्यात शेवटी

अगं पोरी,

गाडी घेतलीस आणि पहिल्याच वर्षी गणपतीला सासरी लांज्याला गाडीनं जायचं ठरवलंस, ऐकून फार बरं वाटलं. पाठोपाठ तुझा निरोप आला, की मागच्या सीटवर टाकायची हवेची गादी मागवली आहे, आता वडखळच्या कोंडीत दोन तास अडकलो तरी मजेत झोपून जाऊ. तेव्हा मी चष्मा शोधला आणि कागद घेऊन बसले. तुझे काका आणि मी तीस वर्षं या रस्त्यानं राजापूरला जातोय. आधी एसटीनं, मग जुन्या व्हॅननं, आता वॅगनआरनं. गाडीतल्या झोपेत होतील तेवढ्या चुका आमच्या करून झाल्या आहेत, त्या तू पुन्हा करायची गरज नाही. जावईबापूंनाही वाचून दाखव. चाक त्यांच्या हातात असणार, म्हणून त्यांनी दोनदा ऐकावं.

एक गोष्ट आधीच सांगते. गाडीत झोप लागते ती जागेमुळे, हवेमुळे आणि सपाटीमुळे. गादीचा नंबर त्यानंतरचा. आम्ही कित्येक वर्षं आधी गादी फुगवली आणि मग जागा शोधली, म्हणून हा क्रम एवढा ठासून सांगते आहे.

घरातून निघण्याआधी

१. गादी घरी हॉलमध्ये फुगव आणि तुम्ही दोघं तिच्यावर एक अख्खी रात्र झोपा – नवी गादी पहिल्या रात्री ताणली जाऊन थोडी सैल पडतेच, पण बारीक भोक असेल तर ते घरी नेरूळमध्ये कळावं, कशेडी घाटात नको.

२. दुसऱ्या दिवशी तीच गादी इमारतीखाली, दिवसाउजेडी, गाडीत लावून बघ. पाय ठेवायच्या जागेत बसणारे खालचे ठोकळे आधी फुगवायचे, वरची गादी नंतर – उलटं केलंस तर खाली पोकळी राहते आणि नेमकी कंबर तिथं खचते.

३. टेप घेऊन दारापासून दारापर्यंत माप घे. मागची सीट जेमतेम साडेचार फूट भरते – ती तुझी आणि तुझ्या लेकीची, चिऊची, पाय मुडपून. जावईबापूंसारख्या उंच माणसाला तिथं कोंबलंस तर सकाळी त्यांचे गुडघे गाडी चालवायला नकार देतील.

४. सीट पाडून डिकीपर्यंत लांब गादी टाकायचा विचार असेल, तर आधी डिकी उघडून बघ – आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी बसलेली असते. टाकीच्या पुढे उरलेली जागा सामानाला दे, तिथं डोकं ठेवायचं स्वप्न सोडून दे.

५. सीएनजी भरायचं काम झोपण्याआधी उरकून घे – भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं. नुकत्याच झोपलेल्या तीन वर्षांच्या पोरीला उठवून पंपावर उभं करण्यासारखं पाप नाही.

६. टायरात हवा भरायचा पंप आहे म्हणून गादीचा पंप घरी ठेवू नको – टायराला थोडी हवा जोरात लागते, गादीला ढीगभर हवा हळू लागते. टायरच्या पंपानं गादी भरता भरता उजाडेल.

७. विजेचा पंप लायटरच्या सॉकेटवर चालतो, तरी पायानं दाबायचा एक साधा पंपही बरोबर असू दे – सॉकेटचा फ्यूज उडाला की गाडीतली सगळी हुशारी संपते. तोंडानं फुगवायला जाऊ नको, चक्कर येते आणि श्वासातली ओल आत राहून गादीला वास धरतो.

८. पट्ट्यांच्या बकलांवर जुने मोजे चढव, सीटच्या फटीत हात घालून केसाच्या पिना आणि नाणी काढून टाक – आमची पहिली गादी एका पिनेनं घालवली, आणि ती पिन माझीच होती. टोचणारी वस्तू कधी परकी नसते, घरातलीच असते.

रस्त्यावर

आता तुझ्या वडखळच्या बेताबद्दल. हा बेत तू मनातून काढून टाक. रांग तासभर हलत नाही आणि मग एकदम हलते, त्या एकदमसाठीच हा पुढचा कानमंत्र आहे.

९. गाडीचं इंजिन चालू आणि गादीवर कुणी, असं कधीही होऊ देऊ नको. चाक फिरायच्या आधी गादीची हवा काढायची, सगळ्यांनी बसायचं, मागच्यांनीही पट्टे लावायचे – सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर, पट्टा न लावता. मोठी, भक्कम गाडी होती. गादीवर आडव्या माणसाला तर धरायला काहीच नसतं.

१०. अडकून राहण्यापेक्षा रांगेतून बाहेर पड. पेट्रोल पंप, उजेडाचं हॉटेल, नाहीतर गणपतीच्या दिवसांत प्रशासन या महामार्गावर चाकरमान्यांसाठी उभारतं ती मदत केंद्रं, यापैकी कुठंही थांब आणि आधी विचार: 'दादा, दोन तास गाडी लावू का?' – विचारलेल्या जागी रात्री कुणी काच वाजवत नाही, आणि वाजवलीच तर चहाला बोलावायला वाजवतो.

११. रस्त्याच्या कडेला, दिवे लावून, 'पाचच मिनिटं' म्हणून झोपू नको. द्रुतगती मार्गावर तर मुळीच नको – मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही त्याच वेळी झोप येत असते. पहाटे दोन ते पाच ही वेळ सगळ्यांच्याच पापण्यांची परीक्षा घेते.

१२. पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी, दरडीखाली, ओढ्याच्या पुलाजवळ गाडी लावू नको, कितीही शांत जागा दिसली तरी – जुलै २०२१ ला महाडच्या तळियेत आणि जुलै २०२३ ला आपल्या खालापूरच्या इर्शाळवाडीत डोंगर खाली आला. इर्शाळवाडीतली माणसं झोपेत होती. घाट एक तर पूर्ण उतरून जायचा, नाहीतर चढायच्या आधी थांबायचं.

१३. आणि गो, माडाखाली गाडी लावू नको – नारळ पडायच्या आधी हाक मारत नाही. फणसाचंही तेच.

१४. गणपती झाल्यावर गणपतीपुळ्याला किंवा येताना काशीदला थांबलात, तर वाळूत गाडी उतरवू नका. आपल्याकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला चाराचे पाऊण म्हणजे तीन, अष्टमीला सहा, त्या वेळेच्या आसपास भरती पूर्ण होते, दिवसातून दोनदा – ओहोटीला लांब वाटणारं पाणी झोपेतून उठेपर्यंत चाकाशी येतं, आणि ओल्या वाळूत रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो. समुद्राला वेळ कळते, वाहन कळत नाही.

१५. जागा ठरली की गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लाव – रात्री निघायची वेळ आलीच, तर झोपाळलेल्या डोळ्यांनी मागे घेत बसावं लागत नाही.

१६. पाण्याची बाटली आडवी ठेव आणि ती कुठं गडगडते बघ; तिकडं पाय, उलट्या बाजूला डोकं. उतार फारच असेल तर चार हात पुढे जा – हवेच्या गादीवर माणूस रात्रभर खाली खाली घसरतो. उतारावरची झोप आणि उधारीवरचा संसार, दोन्ही सकाळी दाराशी जमा झालेले सापडतात. हँडब्रेक लाव, गाडी गिअरमध्ये ठेव, आणि चाकाला दगड लावायला लाजू नको.

हवा, गादीतली नव्हे, आपली

इथं थोडं थांबून लिहिते, कारण बाकी चुकलं तर पाठ दुखते, हे चुकलं तर माणूस जातो.

इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा लावून झोपणं. उन्हाळ्यात आपल्या नवी मुंबईतल्या कुठल्याही टॅक्सी स्टँडवर दुपारी बघ, चार गाड्यांत माणसं अशी झोपलेली दिसतात. तुझे काकाही पूर्वी झोपायचे, मी शेजारी बसून असे आणि मला काही कळत नसे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, खोकला येत नाही, जाग येत नाही. आपलं रक्त त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीनं धरून ठेवतं. चालत्या गाडीचा धूर मागे राहतो. उभ्या गाडीचा धूर गाडीभोवती साचतो आणि तळाच्या गंजलेल्या भोकातून, रबराच्या फटीतून आत येतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याजवळ दोघं माणसं रस्त्याकडेच्या कॅरॅव्हॅनमध्ये, एसी लावून झोपलेली, मृत सापडली. जनरेटरचा धूर आत आला होता. सगळ्या सोयींची, झोपण्यासाठीच बांधलेली गाडी होती ती.

१७. झोपायचं तर इंजिन बंद, किल्ली काढून हाताशी – ही एकच गोष्ट पाळलीस आणि बाकीचा कागद हरवलास तरी मी रागावणार नाही. सीएनजीची गाडी आहे म्हणून सूट नाही, तिच्याही धुरात कार्बन मोनॉक्साइड असतोच.

१८. मैत्रिणीची बॅटरीवरची गाडी असेल तर तिला धूर नाही, ती एसी लावून झोपू शकते – मात्र उद्याच्या अंतराचा आणि चार्जिंगच्या जागेचा हिशेब आधी मांडायला सांग.

१९. समोरासमोरच्या दोन काचा दोन दोन बोटं उघड्या ठेव, म्हणजे वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल. दारांवर पावसाळी व्हायजर बसवून घे – पाऊस आत येत नाही, हवा येते. रात्रभरात तिघांच्या श्वासाचं पेलाभर तरी पाणी काचांवर जमतं. ते बाहेर गेलं नाही तर पहाटे चादरी दमट लागतात.

२०. उघड्या काचेला मच्छरदाणीचं कापड चुंबकानं नाहीतर दारात चिमटून लाव. बंद गाडीत कासवछाप जाळू नको – एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात असं मोजलं गेलं आहे. ते चिऊच्या छातीत कशाला?

२१. आडोशासाठी काचांना ओढणी, पंचा किंवा काढता येणारी जाळी लाव. काळी फिल्म चिकटवून घेऊ नको – २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं तिला मनाई केली आहे. आणि समोरची काच थोडी तरी मोकळी ठेव, बाहेर काय चाललंय ते झोपलेल्यालाही एक डोळा उघडून बघता आलं पाहिजे.

२२. दिवसा झोपायचं तर गर्द सावली, नाहीतर झोपूच नये – उन्हातली बंद गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, आणि काच चार बोटं उघडून फारसा फरक पडत नाही. पोर गाढ झोपलंय म्हणून तिला गाडीत ठेवून तुम्ही वडापाव आणायला गेलात, असं एकदाही घडू नये. एकानं जायचं, एकानं बसायचं.

२३. काच फोडायची छोटी हातोडी हाताच्या अंतरावर ठेव, डिकीत नको. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारायची, समोरची काच त्यानं फुटून पडत नाही – २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाण्यात दारं अडकून माणसं आपल्याच गाड्यांत गुदमरून गेली. ती रात्र आम्हीही सायन-पनवेल रस्त्यावर गाडीत काढली. काचा उघड्या होत्या, भिजून चिंब झालो, पण सकाळ पाहिली. तेव्हापासून भिजण्याची तक्रार मी करत नाही.

आता एकदाची गादी

२४. गच्च फुगवू नको. हाताचा तळवा दाबला की दोन बोटं आत जावा – जास्त हवेवर माणूस चेंडूसारखा डुलतो, आणि एकानं कूस बदलली की दुसरा दारावर आदळतो. फुगलेल्या गादीला आणि फुगलेल्या माणसाला थोडी हवा कमीच बरी.

२५. हिवाळ्यात महाबळेश्वरला गेलात तर गादी वर पोचल्यावर फुगवा – सुमारे १,३५० मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब सातव्या हिश्शानं कमी असतो. पनवेलला गच्च भरलेली गादी तिथं शिवणीला ताण देते. पहाटेच्या गारठ्यात मात्र तीच थोडी सैल पडते. त्यावरून रात्री उठून भोक शोधत बसू नको.

२६. गादीवर आधी गोधडी, मग चादर – गादीतली हवा रात्री गार होते आणि पाठीकडून थंडी चढते. वरून दोन पांघरुणं घेतलीस तरी खालचा गारवा जात नाही. शिवाय प्लास्टिकवर नुसती चादर टाकली की कूस बदलताना चुर्रचुर्र आवाज येतो, आणि तुझी झोप मला ठाऊक आहे.

२७. वर्षाच्या आतलं बाळ या गादीवर कधीही झोपवू नको, शेजारी तू असलीस तरी – मऊ गादीत त्याचं तोंड रुततं आणि त्याला मान वळवता येत नाही. तुझ्या नणंदेलाही सांग, तिचं आठ महिन्यांचं आहे.

२८. चिऊला आतल्या बाजूला झोपव, दाराकडे नको. बालकुलूप बघून ठेव – ते लागलेलं असेल तर मागचं दार आतून तुलाही उघडता येत नाही, हे रात्री शौचाला उठल्यावर कळायला नको. मी कळून घेतलं आहे, पुरे.

२९. बूट-चपला दाराशी, बाहेरच्या बाजूला तोंड करून, गाडीच्या आत. बॅटरी उशीखाली – अंधारात चप्पल शोधणारा माणूस आधी हॉर्नच दाबतो.

३०. मोबाइल चार्ज करून झोप आणि तीन आकडे तोंडपाठ ठेव: ११२ कुठल्याही अडचणीला, १०८ रुग्णवाहिकेला, १०३३ राष्ट्रीय महामार्गावर. थांबलात ते ठिकाण घरी कळव – 'माणगावच्या पुढे, डाव्या हाताचा पंप' एवढं पुरतं. आई जागी असते.

उठल्यावर

३१. जावईबापूंना जाग आल्या आल्या किल्ली देऊ नको. तोंड धुवायचं, दोन फेऱ्या मारायच्या, चहा घ्यायचा, मग चाक – उठल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं डोळे उघडे असतात, माणूस आत झोपलेलाच असतो. नुसती डुलकी हवी असेल तर आधी चहा आणि मग वीस मिनिटं आडवं, चहा तोवर कामाला लागतो.

३२. तुम्ही दोघंही गाडी चालवता, तर गादी ज्याची पाळी संपली त्याची. 'मला कुठं झोप येतेय' म्हणणाऱ्याला आधी झोपव – तेच वाक्य म्हणत तुझ्या काकांनी एकदा लोणेऱ्याजवळ गाडी दुभाजकाला घासली होती. कुणाला लागलं नाही, पण पुढचे दोन तास कुणी बोललं नाही.

३३. हवा काढताना गादी दोघांनी धरा आणि झडपेच्या उलट टोकाकडून गुंडाळत या – एकटीनं केलंस तर ती पुन्हा तिच्या पिशवीत शिरत नाही. लग्नातला शालू आणि ही गादी, कारखान्यातल्यासारखी घडी पुन्हा घरी जमत नाही, म्हणून पिशवी एक आकार मोठीच घे.

३४. परत आल्यावर ती ओल्या फडक्यानं पूस, सावलीत वाळव, थोडी पावडर भुरभुरवून ठेव – कोकणातली खारी ओल घडीत राहिली तर दिवाळीपर्यंत प्लास्टिक चिकटून फाटतं. गॅलरीतल्या कडक उन्हात फुगवून मात्र ठेवू नको, आतली हवा फुगून शिवण उसवते.

३५. भोक पडलंच तर गादी फुगवून साबणाचा फेस फिरव, जिथं बुडबुडा उठेल तिथं पेनानं खूण कर. पॅच लावल्यावर रात्रभर हवा भरू नको – सोल्युशन सुकायच्या आत ताण दिला की पॅच दुसऱ्या दिवशी हातात येतो. आमच्याकडे पॅचचं एक पाकीट उरलं आहे. शनिवारी चिऊला घेऊन ये आणि ते घेऊन जा. येताना गादी आणि पंपही आण, काकांना त्याची नळी बघायची आहे.